बाई, तुम्ही निवडून दिलेल्या पुस्तकांबद्दल

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी दापोलीला तुमच्या घरी येऊन हातात देऊ शकले असते. तरी जाहीर लिहितेय. हर्णैपासून दाभोळपर्यंत आमच्या मोहल्ल्यांत, वाड्यांत वाचायची आवड असलेली मुलं-बाया पुष्कळ आहेत, पण कुठलं पुस्तक कधी हातात घ्यावं हे सांगणारं माणूस प्रत्येकाला भेटत नाही. मला वाचनालयात भेटलं, तुम्ही. ते कसं झालं हे चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

अब्बा कुवेतला वारले आणि तिथेच त्यांचं दफन झालं. गल्फमध्ये माणूस असलेल्या कोकणातल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. आम्ही सुन्नींमधले शाफई, आमच्यात देह समोर नसतानाही अंत्यनमाज पढतात, म्हणून गावच्या मशिदीत त्यांची गायबाना जनाज्याची नमाज झाली. पण घरातल्या कुणीच त्यांचा चेहरा शेवटचा पाहिला नाही, मातीही दिली नाही. त्यानंतर काही महिन्यांत माझं वजूवर, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्यावर, मन ठरेना. कोपर कोरडं राहिलं असं वाटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. अम्मी दाराबाहेरून हाका मारायची, टाकीतलं पाणी संपायचं, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. नमाजेला उभं राहीपर्यंत वेळ टळून जायची.

अशा दिवसांत मी वाचनालयात आले आणि मनःशांतीवरचं पुस्तक मागितलं. तसली पुस्तकं समोरच्या कपाटात भरपूर होती. तुम्ही त्यातलं एकही काढलं नाहीत. खुर्ची पुढे केलीत आणि विचारलंत, "झोप कशाने उडालीय?" मी सगळं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "हे एकट्या पुस्तकाचं काम नाही. आधी डॉक्टर. पुस्तकं त्याच्या जोडीला." रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, तिथे दाखवायला नेलं म्हटलं की आमच्या भागात लोक एकच अर्थ काढतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून अम्मीची समजूत घालायला तुम्ही स्वतः एसटीने आमच्याकडे आलात. पुस्तकांसाठी गेलेल्या मुलीला पुस्तक न देता आधी डॉक्टरकडे पाठवणं, ही तुमची पहिली निवड, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी, म्हणजे नको तो विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. औषध सुरू झालं आणि त्याबरोबर सराव. मन म्हणेल पुन्हा धू, पण धुवायचं नाही. अस्वस्थता चढू द्यायची; न धुताही ती उतरते हे स्वतः अनुभवायचं. त्या वेळी तुम्ही दिलंत डॉ. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस'. "मानसशास्त्राचं जाड पुस्तक आत्ता तुझ्या डोक्यात शिरणार नाही, ही कादंबरी आहे, गोष्ट म्हणून वाच," एवढंच सांगितलंत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलायची पद्धत, मांडली. पण मला धीर मिळाला तो तरुण एलिस यांच्याकडून. बायकांशी बोलायची भीती जावी म्हणून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी ठरवून बोलत राहिले. भीती अंगावर घेतली की तिचा जोर ओसरतो, हे डॉक्टर मला सांगत होते आणि इथे एक माणूस ते करून बघत होता.

एलिस नास्तिक होते, धर्माबद्दल त्यांची मतं कडक होती. ते तुम्ही लपवलं नाहीत. उलट आधीच सांगितलंत, "त्याची पद्धत घे. श्रद्धेचं काय करायचं ते तो ठरवणार नाही, तू ठरव." हे ऐकल्यामुळे मी ते पुस्तक न बिचकता वाचू शकले. श्रद्धाळू माणसाच्या हातात मानसशास्त्राचं पुस्तक देताना एवढी काळजी घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दीनच्या, म्हणजे धर्माच्या, पुस्तकांविषयी विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "मराठीतलं मला माहीत आहे तेवढं देते. पुढचं तुमच्या मोहल्ल्यातल्या उर्दूच्या सरांना विचार." आणि मराठीतलं जे दिलंत त्यानेच मी थक्क झाले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचं 'कुराणसार'. पालगडच्या साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती'. सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक. विनोबा कुराणासाठी अरबी शिकले होते. पगडींची तुमची प्रत २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा भिजली होती. तुम्ही ती पंख्याखाली पान पान सोडवून सुकवली होती, आणि पानं उन्हात घातलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. त्या वाकड्या पानांतून मी पहिल्यांदा सूफी परंपरेचा सलग इतिहास वाचला. साने गुरुजी मी अम्मीला वाचून दाखवले. "पालगडचे? आपल्या दापोली तालुक्यातले?" असं तिने दोनदा विचारलं आणि मग रोज संध्याकाळी पुढचं वाच म्हणून मागे लागली.

माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर आमच्या घरातली चादर कित्येक वर्षं जाते. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा आपला कोकणचा आलिम, म्हणजे धर्मपंडित. त्यांनी अरबीत कुराणाची तफसीर, म्हणजे टीका, लिहिली, सूफी विचारवंत इब्न अरबींच्या 'फुसूस' या ग्रंथावर भाष्य केलं, हे मला उर्दूच्या सरांकडून कळलं. सरांकडे तुम्ही पाठवलं नसतं तर आमच्यासाठी तो दर्गा फक्त नवसाचं ठिकाण राहिला असता.

सरांनीही तुमच्यासारखीच निवड केली. अकराव्या शतकातले धर्मपंडित इमाम गजाली यांचं 'इह्या' चाळीस किताबांचं, म्हणजे भागांचं, आहे. सर म्हणाले, सगळं वाचायला जाऊ नकोस, तुझ्या उपयोगाची एकच किताब घे, सब्र आणि शुक्रची, म्हणजे धीर आणि कृतज्ञतेची. त्याआधी वसवशाबद्दल, म्हणजे मनाला छळणाऱ्या शंकेबद्दल, दोन गोष्टी बजावल्या. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, जुना नियम आहे की यकीन (खात्री) शंकेने जात नाही, आणि ज्याला वसवसा छळतो त्याने शंकेकडे लक्षच द्यायचं नाही. डॉक्टर जे करायला सांगत होते तेच! त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. पुढे भावाने दुबईहून जुने मुसलमान विद्वान अबू जैद अल-बल्खींच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती आणली. बल्खी ९३४ मध्ये वारले. राग, भीती, दुःख आणि वसवसा या चौघांवर त्यांनी एखाद्या वैद्यासारखं लिहिलंय. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख त्यांनी वेगळं काढलंय. शरीरासाठी औषध घरात भरून ठेवतो तसे चांगल्या अवस्थेत असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी हा भाग इंग्रजीत आणला. मनाचा आजार म्हणजे इमान कच्चं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं असं मला कळकळीने वाटतं.

गजालींचं स्वतःचंही तसंच झालं होतं. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची जीभच चालेना, घास गिळवेना. हकिमांनी सांगितलं, दुखणं मनातून शरीरात उतरलंय. हे त्यांनी आत्मचरित्रात उघडपणे लिहून ठेवलंय. बाई, तुम्ही विल्यम जेम्स यांचा धार्मिक अनुभवांवरचा १९०२ चा ग्रंथ काढून दाखवलात, तेव्हा त्यात गजालींच्या आत्मचरित्रातला लांबलचक उतारा होता. आरोग्याची व्याख्या माहीत असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं, असं गजाली म्हणतात. जेम्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ; एडिंबरोत व्याख्यानं देताना ते इराणमधल्या तूसच्या या इमामाचा, गजालींचा, दाखला देतात. माझ्या मनात मानसशास्त्र आणि दीन ही दोन कपाटं कायमची जवळ आली ती त्या दुपारी.

आता अब्बांबद्दल.

हे दुःख कुठल्याच सरावाने जाणारं नव्हतं, आणि ते जावं असं मलाही वाटत नव्हतं. तुम्ही आधी नाझी छळछावणीतून वाचलेल्या मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांचं 'अर्थाच्या शोधात' दिलंत. छावणीत कुडकुडत कामावर चालताना ते मनातल्या मनात बायकोशी बोलतात. ती जिवंत आहे की नाही हे त्यांना ठाऊक नाही, आणि तरी त्या बोलण्यात काही कमी पडत नाही. ते पान मी किती वेळा उघडलं असेल! मग एकदा दुपारी वाचनालय बंद झाल्यावर तुम्ही बाराव्या शतकातल्या इब्न तुफैल यांची हय्य इब्न यकझानची गोष्ट काढलीत. सायमन ऑकलीच्या १७०८ च्या भाषांतराचं जुनं इंग्रजी मला जड जात होतं, म्हणून तुम्ही वाचत गेलात आणि तिथल्या तिथे मराठीत सांगत गेलात. निर्मनुष्य बेटावर एक बाळ आहे, एक हरिणी त्याला दूध पाजून वाढवते. तो सात वर्षांचा होतो आणि ती मरते. तो तिला हाका मारतो, कान बघतो, डोळे बघतो, कुठेच काही बिघडलेलं दिसत नाही. मग कुठेतरी आत अडलंय, ते काढलं तर ती उठेल, या आशेने तो तिची छाती उघडतो. हृदयाचा एक कप्पा त्याला रिकामा सापडतो. आपलं ज्याच्यावर प्रेम होतं ते इथून निघून गेलंय, हे शरीर ते नव्हतंच, असं त्याच्या लक्षात येतं. पुढे शरीर कुजू लागतं. काय करावं ते त्याला कळत नाही. एक कावळा दुसऱ्या मेलेल्या कावळ्याला माती उकरून पुरताना दिसतो, आणि तसंच करून तो हरिणीला माती देतो.

इथे तुम्ही थांबलात. मी रडले, आणि तुम्ही मला रडू दिलंत. माती द्यायची राहून गेल्याचं जे माझ्या छातीत अडकलं होतं ते त्या मुलाच्या हातांनी झालं, असं मला वाटलं. कावळ्याची ती गोष्ट कुराणात भावाला मारणाऱ्या काबिलच्या किश्श्यात येते, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण पाठ असलेल्या आयतीपर्यंत मला एका कादंबरीने नेलं. कथा-कादंबऱ्या वाचणं म्हणजे वेळ घालवणं असं आमच्याकडे अजून बोललं जातं. तसं बोलणाऱ्यांना मी आता हीच गोष्ट सांगते.

'कोंडुरा' मी तेव्हाच मागितली होती. खानोलकरांची ती कादंबरी श्रद्धा कुठे संपते आणि भ्रम कुठे सुरू होतो हे शेवटपर्यंत धूसर ठेवते. तुम्ही म्हणालात, "पाऊस सरू दे, तुझं औषध नीट लागू पडू दे, मग." पुस्तक चांगलं आहे एवढ्यावर तुम्ही कधीच देत नाही, समोरच्याला ते आज झेपेल का, तेही बघता. पुढच्या वर्षी वाचली तेव्हा मला ती पेलली. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या 'इंधन'चंही तसंच. त्यांचं नाव काढलं की आमच्या घरात आवाज चढतात. तुम्ही म्हणालात, मतांवर नंतर भांड, आधी गोष्ट वाच. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने १९६५ मध्ये कोकणातल्या मुसलमान वस्तीचं जगणं मराठी कादंबरीत आणलं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण आमची घरं, आमच्या बायांची बोलणी मराठी छापील पानावर दिसल्याचा आनंद मी कुणाला नाकारू देणार नाही.

मोबाईलवर सूफी कवी रूमींच्या नावाने रोज फिरणाऱ्या ओळी मी आता पुढे पाठवत नाही. त्यांचं मोठं फारसी काव्य मसनवी सहा दफ्तरांची, म्हणजे खंडांची, आहे, इंग्रज अभ्यासक निकल्सननी ती १९२५ ते १९४० या काळात पूर्ण इंग्रजीत आणली, आणि तिच्यात पानोपानी कुराण-हदीस आहे. ते सगळं गाळून उरलेलं गोड गोड वाक्य रूमींचं मानायला मन तयार होत नाही. भाषांतर कुणी केलं, कुठल्या भाषेवरून केलं, हे पहिल्या पानावर बघायची सवय तुमचीच.

माझं औषध आता कमी केलंय. वजू एकदाच होते. एखाद्या दिवशी शंका येते, मी नळ बंद करून मुसल्ल्यावर, नमाजेच्या चटईवर, जाते. अम्मीने तुमच्यासाठी सांदणं आणि आंब्याची साठं पाठवायचं ठरवलंय, ती नको म्हणू नका. पगडींच्या पुस्तकाची चांगली प्रत मला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली, ती वाचनालयात जमा करते. भिजलेली प्रत मला ठेवायला मिळाली तर फार बरं वाटेल.

आणि एक विनंती. माझी भाची अकरावीला आहे, पुढच्या सोमवारी वर्गणी भरायला येईल. तिला भुताखेतांच्या गोष्टी वाचायच्या आहेत. घरातले म्हणतात काहीतरी उपयोगाचं वाच. तुम्ही तिला आधी तिच्या गोष्टीच द्या.

तुमची कृतज्ञ,
हर्णैची एक वाचक