इम्पर्व्हियसचा फासा आणि आपली वही : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार, वि. वि.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुकानात हीरोक्लिक्सचा खेळ संपल्यावर, तिथे जज असलेल्या आपण माझ्या भाच्याच्या हाती नियमांवरील टिपणांची एक वही ठेवलीत आणि "मामालाही वाचायला दे" असे सांगितलेत. त्या वहीमुळे आमच्या घरातले एक जुने भांडण मिटले, म्हणून हे पत्र. आपल्याला समोर भेटून आभार मानले असते तर आपण "त्यात काय एवढे" म्हणून विषय बदलला असता, हे ठाऊक असल्यामुळे ते लेखी आणि जाहीर करीत आहे. इथे न्यू जर्सीत किंवा अन्यत्र हीरोक्लिक्स खेळणारे आणखी कोणी मराठी मामा-भाचे असतील, तर त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2002 साली आलेल्या या खेळात प्रत्येक महानायकाची छोटी मूर्ती एका फिरणाऱ्या डायलवर उभी असते. डायलवर सहसा बारा क्लिक, म्हणजे टप्पे, असतात आणि खिडकीतून वेग, हल्ला, बचाव व इजा असे चार आकडे दिसतात. जितकी इजा झाली तितके क्लिक डायल पुढे फिरवायचे. आकड्यामागे रंगीत चौकोन असेल तर त्या रंगाची शक्ती मूर्तीकडे असते, आणि त्या त्या आकड्यामागच्या रंगाचा अर्थ सर्वांसाठी एकच असल्याने तो सामाईक पत्रकात पाहता येतो. खरी पंचाईत होते ती काळ्या कडेच्या पांढऱ्या चौकोनाने. ती विशेष शक्ती असते, त्या एकाच मूर्तीची, आणि तिचा अर्थ फक्त तिच्या स्वतःच्या कार्डावर छापलेला असतो.

आमचे भांडण मात्र रंगीत चौकोनावरूनच सुरू झाले. भाच्याच्या सुपरमॅनकडे इम्पर्व्हियस ही इजा घटवणारी शक्ती होती आणि बचाव 17. माझ्या मूर्तीचा हल्ला 10, फाशांवर 8 पडले, म्हणजे 18, म्हणून वार लागला. इजा 4 होती आणि ती भेदक, म्हणजे घटवता न येणारी, होती. भाच्याने इम्पर्व्हियसचा फासा टाकला, 5 पडले, आणि त्याने जाहीर केले की इजा शून्य. मी म्हटले, भेदक इजेपुढे कुणाचेच काही चालत नाही. हा दावा त्या डावापुरता बरोबर होता, पण पुढच्याच आठवड्यात मी तोच दावा स्पायडरमॅनच्या सुपर सेन्सेस या वार चुकवणाऱ्या शक्तीविरुद्ध केला आणि तिथे मी साफ चुकलो. दोन्ही वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल लागला, हे कबूल करताना मला संकोच वाटतो.

आपण वहीत हा प्रश्न सोडवलात तो नियमाचा क्रमांक देऊन नव्हे, तर मराठी क्रियापदे समोर ठेवून. वार ढालीवर घेणे वेगळे आणि वार चुकवणे वेगळे, असे आपण लिहिलेत. इम्पर्व्हियस ही ढाल आहे: ती इजा दोनने घटवते, आणि फाशावर 5 किंवा 6 पडले तर शून्यापर्यंत घटवते, परंतु शून्यापर्यंत घटवणे हेही घटवणेच, भेदक इजा घटवता येत नसल्यामुळे तो फासा निरुपयोगी ठरतो. सुपर सेन्सेस ढाल धरत नाहीत, वारच चुकवतात. 5 किंवा 6 पडले की लागलेला वार हुकलेला ठरतो, आणि जो वार लागलाच नाही त्याची इजा भेदक आहे की साधी, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याखाली आपण पल्स वेव्ह या, आवाक्यातल्या सर्वांवर एकदम होणाऱ्या हल्ल्याच्या शक्तीबद्दल एकच ओळ लिहिली होती, की ही शक्ती समोरच्याच्या ढालीकडेही पाहत नाही आणि चपळाईकडेही, कारण तिचे क्रियापद तिसरेच आहे: दुर्लक्ष करणे. इंग्रजी पत्रक मी कित्येकदा वाचले होते. तरी हा भेद मला आपल्या मराठीतून प्रथम दिसला.

"सुपरमॅनला काही लागतच नाही" या भाच्याच्या आवडत्या युक्तिवादालाही आपण हळुवार उत्तर दिलेत. डायलवर सुपरमॅन नसून इम्पर्व्हियस आहे, असे आपण त्याला सांगितलेत. तो दोन दिवस नाराज होता. आता हेच वाक्य तो मला ऐकवतो.

विशेष शक्तींसाठी आपण वेगळी पाने दिलीत आणि माझ्या मते वहीतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. कार्डावर एखादी नेहमीची शक्ती "वापरता येते" असे म्हणून पुढे काही फेरफार दिलेला असेल, तर जेवढे शब्द बदलले तेवढेच बदलले असे समजायचे आणि बाकी मूळ शक्ती जशीच्या तशी लागू करायची, ही आपली सूचना आता आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदावर लिहून चिकटवली आहे. चार्ज म्हणजे निम्म्या वेगाइतके पुढे जाऊन जवळून वार करण्याची शक्ती; ती वापरताना वेग निम्मा होत नाही असे कार्डावर लिहिले असेल, तर त्यावरून चार्जनंतर दूरवरचा हल्लाही करता येतो असा अर्थ मी काढत असे. कशावरून, ते आज मलाही सांगता येणार नाही. तसेच आउटविटचे, म्हणजे समोरच्याची शक्ती रोखणाऱ्या शक्तीचे. विशेष शक्तीतून चार्ज आणि फ्लरी (जवळून दोन वार) अशा दोन शक्ती मिळत असतील आणि ती विशेष शक्तीच आउटविटने रोखली गेली, तर तिच्या पोटातील दोन्ही जातात, मात्र ताऱ्याचे चिन्ह असलेला ट्रेट, म्हणजे मूर्तीचा कायमचा गुण, रोखता येत नाही, हे आपण स्पष्ट केल्यापासून माझा भाचा आउटविट उधळेनासा झाला आहे.

चार्जसाठी वेग निम्मा करण्याचा हिशेबही आम्ही उलटा करीत होतो. वेग 9, त्यात पर्प्लेक्स या आकडा वरखाली करणाऱ्या शक्तीचा 1 मिळवून 10, त्याचे निम्मे 5, असे माझे गणित. आधी निम्मे करायचे, अपूर्णांक वर न्यायचा, मग भर घालायची. म्हणजे 5 आणि 1 मिळून 6, हे आपले. एका घराचा फरक, आणि त्या एका घरासाठी मी भाच्याला दोन डाव हरवले होते. ते डाव मी त्याला परत दिले आहेत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. वहीच्या मध्यावर आपण एक अख्खे पान खोडून "इथे मी चुकीचा निकाल दिला होता" असे लिहून त्याखाली दुरुस्ती केली आहे. वर्षानुवर्षे दुकानात जज म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाने ते पान फाडून टाकले असते तरी कोणाला कळले नसते.

वहीची शेवटची पाने आपण "तुमच्या शंका" असे शीर्षक घालून कोरी ठेवलीत. भाच्याने त्यांवर तीन प्रश्न लिहिले आहेत. दोहोंची उत्तरे त्याने वहीतूनच शोधली. तिसरा उरला आहे: पल्स वेव्हच्या आवाक्यात आपलाच सोबती उभा असेल, तर त्याच्या ढालीकडेही दुर्लक्ष होते का? मला उत्तर ठाऊक आहे असे वाटते, पण घरात माझ्या निकालांना सध्या किंमत नाही. शनिवारी वही घेऊन येतो.

आपला नम्र,
चिरंजीवाचा मामा