कीबोर्ड बदलू नका, आधी मांडणी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र वाचलं. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं भलतीच उमटायला लागली म्हणून दुरुस्तीवाल्याने आधी कीबोर्ड बदलायला लावला, मग फॉरमॅट मारला, तरी रोग तसाच. आता ते नातवंडांसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. ‘मराठीचं नशीबच असं’ म्हणून त्यांनी पत्र संपवलंय. नशिबाचा यात काही संबंध नाही हो. हे दुखणं बरं होणारं आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडच्या एका बोळात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. साठेखत, वटमुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, वारसाचे अर्ज, हे आमचं रोजचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसायला लागलं आणि सहा जिल्ह्यांची माणसं या रस्त्याला वळली. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, पण सोबत जोडायचे फेरफार आणि जबाब मराठीतच असतात. बोटं माझी टाइपरायटरवर तयार झालेली, मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या सरकारी परीक्षा दिलेली. त्यामुळे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याबाबत मी जरा हट्टी आहे. दुकानातल्या मशीनवर, ते विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या फुकट सिस्टीमवर चालतं, मी माझी स्वतःची मांडणी करून घेतलीय. ती बिघडली तर मीच नीट करते. तेवढ्या अधिकाराने चार गोष्टी लिहिते.

कीबोर्डला मराठी येत नाही, तसं इंग्रजीही येत नाही. ‘जे’ छापलेलं बटण दाबलं की तो आत फक्त त्या बटणाचा नंबर पाठवतो. त्या नंबराचा ‘जे’ करायचा की ‘र’, हे आत ठरतं. म्हणून कीबोर्ड बदलून मराठी सुधारेल ही आशाच फोल. बटणच मेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते इंग्रजीतही उमटणार नाही. दुकानात कुणी ही तक्रार घेऊन आलं की मी आधी तेवढंच तपासायला सांगते.

आत गेल्यावर मात्र तो नंबर सरकारी फाईलसारखा टेबलाटेबलावरून फिरतो. पहिल्या टेबलावर सिस्टीमची मांडणी. दुसऱ्यावर लिनक्समधल्या आयबससारखा लेखन-साहाय्यक प्रोग्रॅम. तिसऱ्यावर तुम्ही ज्यात लिहिताय तो प्रोग्रॅम आणि त्यातला फॉन्ट. कुठल्याही टेबलावर शेरा बदलू शकतो, आणि दुरुस्तीवाले हमखास चुकीच्या टेबलापुढे उभे असतात. सगळ्यात जास्त भांडण पहिल्या दोघांत. तुम्ही सिस्टीममध्ये कष्टाने आपली मांडणी बसवता, यादीत ती दिसते, निवडताही येते, आणि टाइप केलं की जुनीच अक्षरं! कारण आयबस आपली मांडणी वरून लादत असतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर सिस्टीमचीच मांडणी वापरायची अशी खूण असते. ती केली की निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटतात. तिसऱ्या टेबलावरचा घोळ जुन्या डीटीपी फॉन्टांचा. त्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर देणाऱ्या पद्धतीचा, मजकूर तिथे चिकटवला की चौकोन, नाहीतर भलतीच चिन्हं. गुरुजींचा रोग हाच असावा असा माझा अंदाज आहे.

भारतीय भाषांसाठीची सरकारी इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ साली ठरली आणि १९९१ च्या भारतीय मानकात आली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच बैठक, त्यामुळे मराठी येणाऱ्याला कन्नडची बटणं नव्याने शोधावी लागत नाहीत. आमच्या सीमाभागात ही बाब लहान नाही. चांगली आहे मांडणी, नवशिक्याने डोळे मिटून तीच शिकावी. पण विंडोजवर शिकलेला माणूस लिनक्सवर आला की म्हणतो, शिफ्ट धरून ७ दाबलं तर ‘क्ष’ येत नाही, ५ वर ‘ज्ञ’ नाही, ६ वर ‘त्र’ नाही, कीबोर्ड खराब आहे. खराब काही नाही. लिनक्सची मूळ मांडणी एका दाबाला एकच चिन्ह देते, आणि ‘क्ष’ म्हणजे आतून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. ती जागा तिथे रिकामीच असते. जोडाक्षरं एका बटणावर हवी असतील तर आयबसमधून एम१७एन नावाच्या संचातली मराठी इनस्क्रिप्ट घ्यावी लागते. आम्हा टाइपरायटरवाल्यांचंही तेच. तिथे ‘कि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी मागून. हा क्रम उलटवायला साध्या मांडणीला जमत नाही, त्याला दुसऱ्या टेबलावरचाच माणूस लागतो. हे माहीत नसलं की माणूस मांडणीची फाईल चाळत बसतो आणि रात्र जाते.

आता माझ्या हट्टाचं कारण सांगते. आमच्या रस्त्यावर दर तिसऱ्या कागदावर ‘ॲड.’ असतं. हे ‘ॲ’ कॉम्प्युटरवर तीन तऱ्हेने लिहिलं जातं. कुणी अ लिहून त्यावर शिफ्ट-२ ची चंद्रकोर चढवतं. कुणी शिफ्ट-१ दाबतं, तिथे हिंदीतला ‘ऍ’ बसलेला आहे. आणि तिसरं खरं ‘ॲ’, ज्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतःचा नंबर मिळाला आणि जे २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही आहे. पहिलं आणि तिसरं छापल्यावर डोळ्याला सारखंच दिसतं. कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. वकीलसाहेब फोनवर म्हणतात, माझी सगळी जुनी प्रतिज्ञापत्रं काढून ठेवा. मी ‘ॲड.’ घालून शोधते, यादी येते, अर्धी. उरलेली अर्धी त्याच फोल्डरमध्ये असतात, फक्त दुसऱ्या हाताने टाइप केलेली. ‘दुसऱ्या’मधल्या र ची हीच गत. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, असं ते नीट उमटतं. ज्याला ते ठाऊक नाही तो ‘दुसर्या’ लिहून मोकळा होतो, आणि रस्त्यावरच्या पाट्यांपर्यंत तेच पोचतं.

म्हणून मी ‘ॲ’चं ते एक बटण बदलून घेतलं. लिनक्समध्ये मांडणी म्हणजे साधी मजकुराची फाईल. बटणांना नावं असतात: स्पेसबारच्या ओळीपासून वर ए, बी, सी, डी, ई अशा ओळी, आणि आकड्यांच्या ओळीतलं पहिलं बटण ‘एई०१’. त्याच्या पुढे कंसात आधी साध्या दाबाचं चिन्ह, मग शिफ्टचं. तिथलं ‘यू०९०डी’, म्हणजे ‘ऍ’चा युनिकोड नंबर, खोडून ‘ॲ’चा ‘यू०९७२’ लिहिला, झालं. शिफ्ट-१ वर आता खरं ॲ येतं. ₹ चं चिन्ह २०१० साली आलं, त्याला उजव्या ऑल्टवर बसवलं. उजवा ऑल्ट मात्र सांगितल्याशिवाय कामाला लागत नाही. तिसऱ्या पातळीसाठी, म्हणजे साधा दाब आणि शिफ्ट यांनंतरच्या तिसऱ्या चिन्हासाठी, तो वापरायचा अशी एक ओळ फाईलमध्ये लागते. ती नसेल तर तो डाव्या ऑल्टसारखा वागतो आणि चिन्ह येण्याऐवजी वरचा मेनू उघडतो.

ही फाईल भारी नाजूक. एक अर्धविराम राहिला की तेवढी ओळ वगळून ती पुढे जाईल असं नाही, अख्खी मांडणीच बाद होते. एक्सकेबीकॉम्प नावाची आज्ञा कितव्या ओळीत अडलं ते सांगते, ते वाचावं. बरेच जण लाल अक्षरं दिसली की खिडकीच बंद करतात. दुसरं, सिस्टीमच्या मूळ ‘इन’ फाईलमध्ये, म्हणजे भारताच्या, फेरफार करू नयेत. अपडेट आलं की ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचं काम पुसलं जातं. माणसाला वाटतं व्हायरस आला. त्याच फोल्डरमध्ये ‘कस्टम’ नावाने वेगळी फाईल ठेवली तर अपडेट तिला हात लावत नाही, आणि अलीकडच्या लिनक्सांत ती मांडण्यांच्या यादीतही दिसते. इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत मांडणी बदलायला ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही आज्ञा चालवा म्हणून असतं. नव्या लिनक्सांत पडद्यामागे वेलँड नावाची खिडक्या सांभाळणारी नवी व्यवस्था असते, तिथे ती आज्ञा चालल्यासारखी दिसते आणि फरक काही पडत नाही. तिथे आपली फाईल घरच्या फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘एक्सकेबी’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली चालते.

यादीत इंग्रजी पहिली ठेवा, मराठी दुसरी. हे कळकळीनं सांगते. मराठी पहिली ठेवली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डच्या जागी देवनागरी उमटते. ठिपक्यांआड ते दिसत नाही आणि माणूस पासवर्ड विसरलो म्हणून कपाळाला हात लावतो. काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी सुद्धा चालत नाही, कारण त्यांना सी हवा असतो आणि हातात म पडतो.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर नावाचं जुनं, फुकट साधन आहे. त्यात एका बटणावर पूर्ण जोडाक्षरही बसवता येतं. बनवलेली मांडणी लॉगऑफ केल्याशिवाय बरेचदा दिसत नाही. सुधारित मांडणी बसवायच्या आधी जुनी काढावी लागते. आणि मधेच भाषा उलटते अशी तक्रार असेल तर बोट ऑल्ट-शिफ्टवर पडतंय का बघा, शिवाय प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा असं सेटिंग चालू आहे का तेही.

माझं म्हणणं दुरुस्तीवाल्यांपुरतं नाही. सेतू केंद्रात, ग्रामपंचायतीत, वाचनालयात नवं मशीन येतं तेव्हा बसवणारा माणूस इंग्रजीत दोन शब्द टाइप करून सही घेऊन जातो. मराठीची मांडणी कुणी बघतच नाही. मग तिथली पोरगी शिकलेली असूनही फोनवर मराठी बोलून, ते स्वतःलाच पाठवून, तिथून उचलून दाखल्यात चिकटवते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि मागे रांग ताटकळत होती. बिलावर सही करण्याआधी त्या माणसाला एवढं एक वाक्य आपल्यासमोर टाइप करायला लावा: ‘ॲड. साहेबांनी दुसऱ्या गटाचे क्षेत्र ₹ १,००० दराने मोजले.’ न अडखळता उमटलं तर सही करा. अडखळला तर त्याला बसवून घ्या, चहा पाजा, पण सही नंतर.

माझ्या मांडणीची फाईल कुणाला हवी असेल तर मी देते, पैसे नाहीत. पेनड्राइव्ह घेऊन या, पण दुपारी दोननंतर. सकाळी कोर्टाची गर्दी असते आणि तेव्हा मी कुणाशी नीट बोलत नाही. कॉम्प्युटर उचलून आणायची गरज नाही. सेटिंगमध्ये मांडण्यांची यादी कुठल्या क्रमाने आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून आणलात तरी पुरे.

आपली,
एक टायपिस्ट, कोल्हापूर