प्लेट घालण्याआधी एवढं विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बावीस वर्षं मी कराडमध्ये ब्लाउज शिवते. धातूचं अंगुस्तान घातलं की बोटाला खाज सुटून पुळ्या येतात, म्हणून मी प्लास्टिकचं वापरते. खोटे कानातले तर लग्नाआधीच सोडले. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि गेल्या वर्षी मनगट मोडलं तेव्हा कुणी विचारलंही नाही.

स्टीलची प्लेट आणि सहा स्क्रू बसले. महिन्याभरात टाक्यांभोवतीची कातडी लाल झाली, खाजू लागली, पाणी येऊ लागलं. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले; तपासणीत जंतू एकदाही सापडले नाहीत. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. निकेल, म्हणजे खोट्या दागिन्यांत असतो तो धातू, लावलेल्या जागी कातडी लाल होऊन उठली होती. हाड जुळल्यावर प्लेट काढली आणि तीन आठवड्यांत हात निवला.

माझी मुलगी एम.एस्सी. करते, तिने मला हे समजावलं. शरीरात बसवायच्या स्टीलमध्ये साधारण १३ ते १५ टक्के निकेल असतं. अंगातल्या खारट पाण्यात ते अगदी थोडं थोडं सुटतं आणि आपल्याच प्रथिनांना चिकटतं. मग काहींच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशी, त्या प्रथिनांना परकं समजून उठतात. माणसाच्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा रेणू असतो, त्याचं काम जंतूंची चाहूल घेणं. निकेल नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि जंतू नसताना पेशी जंतू आल्यासारख्या पेटतात. उंदराच्या त्याच रेणूत निकेलला धरायला जागाच नाही, हे २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे उंदराला जे सोसतं ते मला सोसेलच असं नाही. माझी अँटिबायोटिकं का वाया गेली, ते मला त्या दिवशी कळलं.

स्टीलच्या प्लेटा घेऊन असंख्य माणसं सुखाने कामं करतात. पॅच टेस्टमध्ये ॲलर्जी दिसली तरी प्लेट त्रास देईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा सगळ्यांची टेस्ट करा असं माझं म्हणणं नाही. पण भरती करताना "साखरेचा त्रास आहे का, कुठलं औषध चालत नाही का" विचारता, त्यातच "खोटे दागिने, घड्याळाचं बक्कल चालतं का" एवढं विचारा. उत्तर "नाही" आलं तर टायटॅनियमचा विचार करता येतो. आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं "इम्प्लांट" न लिहिता धातू लिहा. माझ्या कार्डावर तो नव्हता.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांचे कमाल दर ठरवले, तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये असा धातूप्रमाणेच भेद केला होता. दर ठरवताना जो धातू सांगता येतो, तो पेशंटला का सांगत नाहीत?

पुढच्या महिन्यात माझ्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तिलाही खोटे कानातले चालत नाहीत, आणि कोबाल्टही त्याच टीएलआर-४ला चिकटतो. परवा आम्ही धातू विचारायला गेलो, तर काउंटरवरून "इंपोर्टेड आहे" एवढंच उत्तर मिळालं. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, कराड