फवारणीच्या वहीतली पानं

मखमलाबाद, नाशिक
26 नोव्हेंबर

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "सव्वीसपैकी एकही रेणू लागला नाही, अण्णा" एवढंच म्हणालीस आणि लगेच आईला फोन द्यायला सांगितलंस. आईने मेथीच्या लाडवांचं काढलं, मग तो विषय तिथेच राहिला. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

दिवाळीत ओसरीवर लॅपटॉप उघडून तू क्षयाच्या जंतूचं ते प्रथिन दाखवलं होतंस. गुंतलेल्या सुतळीसारखं, आणि मध्ये एक खोबण. औषध शोधायला कोट्यवधी रेणू एकेक करून संगणकातच त्या खोबणीत बसवून बघायचे, कोण किती घट्ट बसतो त्याला गुण द्यायचे, आणि वरचे मोजके विकत आणून प्रयोगशाळेत तपासायचे. मी म्हणालो, म्हणजे द्राक्षाच्या घडाची विरळणी, नको ते मणी कात्रीने काढायचे. तू हसलीस. पण आता वाटतं, माझी उपमा चुकलीच. कात्री लावताना मणी माझ्या डोळ्यांसमोर असतो. तुझे गुण म्हणजे अंदाज. खोबण स्वतः हलते, तिच्यात पाणी असतं, आणि संगणक तिला बरेचदा दगडात कोरल्यासारखी धरून चालतो. हे तूच समजावलं होतंस. मग सव्वीस गेले तर आपली अक्कल गेली असं का धरतेस?

सध्या बाग फुलोऱ्यात आहे. तीन दिवस ढगाळ, पहाटे दव, म्हणजे दावण्या रोगाच्या बुरशीला आमंत्रणच. म्हणून जुन्या वह्या काढून बसलो होतो. स्ट्रोबिल्युरिन गटाचं बुरशीनाशक औषध पहिली काही वर्षं काय चाललं होतं! नंतर मारलं की नुसतं पाणी मारल्यासारखं. दुकानदार म्हणाला, प्रमाण वाढवा. वाढवलं. पैसे गेले, घडही गेले. वहीत तीन वेळा लिहिलंय, "लागू नाही." त्यामागचं कारण पुढे तुझ्याकडूनच कळलं: बुरशीच्या एका प्रथिनाच्या साखळीत 143 वी कडी बदलते, ग्लायसीनच्या जागी अ‍ॅलनीन येतं, आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. एवढ्याशा कडीपायी माझा अख्खा हंगाम गेला. मोरचूद-चुन्याचं तसं होत नाही, तांबं एकाच वेळी दहा ठिकाणी मार देतं. (हे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, म्हणजे बोर्डो, सापडलं ते तरी कसं, तर फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींना चोरांच्या भीतीने ते निळं फासायचे, आणि पानं टिकली ती नेमकी त्याच वेलींची. 1885 मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते जगापुढे मांडलं. तुमच्या धंद्यात असं नशीब आता कुठे मिळणार!)

तुझ्या जंतूचंही तेच, नाही का? क्षयावरची आयसोनियाझिड गोळी आत गेल्यावर तिला जागं करतं ते जंतूचंच एक प्रथिन. त्यातली 315 वी कडी बदलली की गोळी झोपलेलीच राहते. आजीला सहा महिने गोळ्या चालू होत्या तेव्हा लघवी लाल झाली म्हणून ती घाबरली होती, आठवतं? तो रंग त्यातल्या दुसऱ्या औषधाचा, रिफॅम्पिसिनचा, पण तिने दोष सगळ्याच गोळ्यांना दिला.

आता मुद्द्याचं. तू एकदा म्हणाली होतीस की लागलेल्या रेणूंचंच छापून येतं, न लागलेले बहुतेक कपाटात पडून राहतात, आणि मग संगणक शिकतो तो जिंकलेल्यांवरूनच. अगं, माझ्या वहीतली "लागू नाही"ची पानं फाडली तर उरेल काय? दुकानदाराचं कॅलेंडर. त्या सव्वीसांची वही कर. कोणता रेणू, कोणती खोबण, किती गुण, पाणी धरलं होतं की काढलं होतं, प्रयोगात काय दिसलं. आयसोनियाझिडचा रेणू प्रागमध्ये 1912 ला बनला होता. क्षयावर चालतो हे 1952 ला कळलं. चाळीस वर्षं तो नापासही नव्हता, कोणी परीक्षाच घेतली नव्हती. तुझ्या गाईडना माझं म्हणणं पटेल का ते बघ, मी काही शास्त्रज्ञ नाही.

सातपूरच्या कंपनीत लाग म्हणून मी हट्ट धरला होता. तो विषय आता माझ्याकडून संपला.

पहाटे पाचला फवारणीचा ब्लोअर काढायचा आहे. लाडू शेजारच्या पोराबरोबर पुण्याला पाठवतोय, डब्याखाली वहीच्या झेरॉक्स आहेत.

तुझे
अण्णा

ता.क. दुसऱ्या पानावर शाई पसरली आहे. तिथे "पाऊस" असं लिहिलंय.