थोरल्या काकांचं आणि तुझं

निपाणी

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "गांजा सुटायचा नाही. थोरल्या काकांचं झालं तेच माझं होणार. आपल्या रक्तातच आहे ते." बाबा शेजारी बसले होते म्हणून मी गप्प राहिले. पण मी रोज वर्गात जीवशास्त्र शिकवते, याचं उत्तर मीच द्यायला हवं.

रक्ताचा भाग आहे, नाही म्हणत नाही. एकाच बीजाच्या आणि दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांची तुलना केली, तेव्हा गांजाच्या व्यसनाच्या धोक्यात माणसामाणसांत दिसणारा साधारण निम्मा फरक जनुकांकडे गेला. उरलेला निम्मा सोबत, वय, घर, ताण यांचा. शिवाय तुझी आणि काकांची जनुकं सरासरी पाव हिश्श्यानंच जुळतात. काकांच्या गुणावगुणांचा सगळा साठा तुझ्यात आलेला नाही, बाळा.

गांजाचा असा एकच जनुक नसतो. बरेच असतात, प्रत्येकाचा वाटा लहान. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांना सापडलेला एक मात्र आपल्या तंबाखूच्या गावात सांगण्यासारखा आहे. मेंदूत निकोटिन ज्यावर जाऊन बसतं, त्या ग्राहीचा एक भाग तो घडवतो. तू तंबाखूत मिसळूनच ओढतोस ना? मग तुला दोन तलफा एकदम सोसायच्या आहेत.

झोप नाही, घाम, भाकरी नको होणं, रूममेटवर ओरडणं, हा तुझा स्वभाव नव्हे, गांजा सोडल्याचा त्रास आहे. रोज ओढल्यानं मेंदूतल्या सीबी-१ ग्राही, म्हणजे गांजा ज्यांवर जाऊन बसतो त्या, कमी होतात. थांबल्यावर त्या काही दिवसांतच परत वाढू लागतात आणि महिन्याभरात जवळपास पूर्ववत होतात. त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतो. विचित्र स्वप्नं तेवढी रेंगाळतात. तू सोडलंस त्याच्या चौथ्या दिवशी "जमत नाही" म्हणालास. तो सगळ्यात वाईट दिवसांतला दिवस होता रे.

शनिवारी बाबा धारवाडला येतील. तिथल्या डिमहान्सला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत, त्यांच्याबरोबर जा, डॉक्टरांना तंबाखूचंही सांग, काकांचंही सांग. रात्री फार झालं तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन कर, नाहीतर मला कर, कितीही वाजले तरी. बाबांबरोबर शेंगाची चटणी पाठवते.

तुझी,
आई