डीकन निवडण्याआधी यादी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे वर्ष लागले की विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या वार्षिक सभा सुरू होतात. हिशेब वाचला जातो, पाळकसाहेबांचा अहवाल होतो आणि शेवटी डीकनांची, म्हणजे मंडळीतल्या गरजूंची आणि दानाची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकांची, निवड होते. अलीकडे या निवडीला ग्रामपंचायतीचा वास येऊ लागला आहे. पॅनल पडतात, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, भाऊबंदकीची मते मोजली जातात. निवडून आलेल्याला पुढच्या रांगेतली खुर्ची मिळते. रविवारी दानाची थैली फिरवली की काम झाले, असे त्यालाही वाटते आणि मंडळीलाही. शेजारपाजारचे लोक विचारतात, डीकन म्हणजे तुमचा पुजारी का? त्याचे सरळ उत्तर देता येणारे थोडेच. म्हणून हे पत्र मंडळीच्या पत्रिकेऐवजी आपल्याकडे पाठवत आहोत.

घोळ शब्दापासूनच आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. पंगतीत वाढणारा, निरोप पोचवणारा, दुसऱ्याने सोपवलेले काम पार पाडणारा, असा त्याचा रोजच्या वापरातला अर्थ. मराठी बायबलात त्या जागी ‘सेवक’ आला. भाषांतर चुकीचे नाही, पण आपल्या मंडळ्यांच्या बोलीत ‘देवाचे सेवक’ म्हणजे पाळक किंवा सुवार्तिक. परिणामी डीकनांच्या अटी सांगणाऱ्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या ओळी (१ तीमथ्य ३:८ पासून) वाचल्या जातात तेव्हा सगळे डीकन पाळकाकडे पाहून मान डोलावतात. त्या ओळी आपल्यासाठी आहेत, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

पंथागणिक फरक आहेच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झाले. तिथे डीकन हा बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेला असतो आणि पुढे बहुधा प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण दीक्षित पाळक, होतो. इथल्या मेथडिस्ट चर्चमध्येही ती एल्डर, म्हणजे तसाच पाळक, होण्याआधीची पायरी. कॅथलिकांत धर्मगुरू होण्यापूर्वी डीकनपदाची दीक्षा घ्यावी लागते. शिवाय कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कायम डीकन राहण्याची जुनी वाट पुन्हा उघडली. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिचे नियम घातले. विवाहित पुरुषाला किमान ३५ वर्षांचे वय आणि पत्नीची संमती लागते. असा डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, प्रवचन करू शकतो, अंत्यविधी चालवू शकतो. मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करणे आणि पापकबुली ऐकणे मात्र त्याचे काम नाही. अकोला-खामगाव पट्ट्यातल्या अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) मंडळ्यांत आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत डीकन हा मंडळीने निवडलेला साधा विश्वासी असतो. शेती, दुकान, नोकरी सांभाळून तो सेवा करतो. त्याच्या नावापुढे रेव्हरंड लागत नाही, आणि १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना नसेल तर त्याला लग्नही लावता येत नाही. या पत्रात पुढे लिहिले आहे ते या निवडलेल्या डीकनांविषयी.

या कामाचा नमुना नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, अध्याय ६. यरुशलेमच्या मंडळीत तक्रार उठली की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटतात. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली, मंडळीने निवडली, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. या सातांना त्या अध्यायात ‘डीकन’ म्हटलेले नाही, तरी डीकनांच्या कामाचा नमुना चर्चने तिथूनच घेतला. आता ती नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक वळणाची. ज्यांच्या बाया सुटत होत्या, वाटणी बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती दिली गेली. आपल्याकडे उलटे चालते. चर्चच्या कंपाउंडमधले, मिशनच्या नोकरीतले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असे घराणे पुन्हा पुन्हा निवडून येते. पोडावरची (वस्तीवरची) कोलाम कुटुंबे, मेळघाटातल्या ढाण्यावरची (पाड्यावरची) कोरकू कुटुंबे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी माणसे यांच्यातला डीकन किती मंडळ्यांत आहे, ते प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी मोजावे.

म्हणून उमेदवारांच्या नावांआधी सभेपुढे यादी यायला हवी. मंडळीतली एकट्या राहणारी म्हातारी माणसे, विधवा, सिकलसेलचे किंवा डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले, तीन महिने उपासनेला न आलेले, कामासाठी परगावी गेलेल्यांची घरी राहिलेली मुले. नावासमोर वस्ती, फोन आणि शेवटची भेट कोणी, कधी दिली हे लिहावे. साठ घरांच्या मंडळीत अशी वीसेक नावे सहज निघतात. एका डीकनाकडे आठ-दहांहून जास्त घरे दिली तर भेटी कागदावरच होतात. वीस नावांना दोन डीकन लागतील की तीन, हे यादीच सांगते. मंडळीच्या घटनेत सात लिहिले म्हणून सात भरायची गरज नाही.

तीमथ्याच्या पत्रातल्या अटी या कामाशी ताडून पाहिल्या की त्यांचा उलगडा होतो. दुतोंडा नसावा, कारण तो दहा घरांत चहा पितो आणि दहा घरांचे दुखणे त्याच्या कानावर येते. पैशाचा लोभी नसावा, कारण थैली त्याच्या हातात असते. दारूच्या आहारी नसावा. ही अट कळायला आपल्या भागात टीका ग्रंथ उघडावा लागत नाही. घर नीट चालवणारा असावा. त्याच पत्रात अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, अटींत ‘शिकवण्यात निपुण’ असे आहे, डीकनाच्या अटींत ते नाही. तेव्हा माईकवर छान बोलतो एवढ्यावर डीकन निवडणे म्हणजे गाण्यावरून स्वयंपाकी ठरवणे. स्तेफन आणि फिलिप्प पुढे प्रचारही करू लागले, पण निवड झाली होती वाटणीसाठी. आणि सर्वांत दुर्लक्षित अट दहाव्या ओळीत आहे: आधी पारख व्हावी. एक वर्ष पद न देता काम द्यावे. पाच घरे, एक वही, महिन्यातून एक अहवाल. जो सहा महिन्यांत वही हरवतो त्याची पारख झाली.

पैशाचे. दान मोजायला दोघे असावेत, एका घरातले नसावेत, आणि मोजणी चर्चमध्येच, लोक पांगण्याआधी व्हावी. दहाच्या किती, वीसच्या किती, पाचशेच्या किती हे पेनाने लिहून दोघांनी सही करावी, खजिनदाराने पावती द्यावी, सोमवारी रक्कम बँकेत जावी. बहुतेक ठिकाणी चूक चोरीची नसते, घाईची असते. थैलीतूनच वीजबिल भरले, पाळकसाहेबांच्या गाडीत पेट्रोल टाकले, उरले ते लिहिले. जमा कमी दिसते, खर्चाला व्हाउचर नसते आणि वर्षाअखेरीस ऑडिटर विचारतो तेव्हा प्रामाणिक माणूसही चोर ठरतो. सगळे आधी जमा करा, मग खर्च दाखवा. आता क्यूआर कोड आले आहेत; तो खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर आजच काढून टाकावा. चर्च बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला ट्रस्ट असतो, त्याचे दान ट्रस्टच्या खात्यातच यायला हवे.

मदतनिधी वेगळा ठेवावा. ठरावीक रकमेपर्यंत, समजा दोन हजारांपर्यंत, दोन डीकनांनी मिळून निर्णय घ्यावा. मध्यरात्री प्रसूतीसाठी गाडी लागली तर कमिटीची बैठक कोण बोलावणार? व्हाउचरवर सही घ्यावी, ते ऑडिटरला दाखवावे, पण वार्षिक सभेत नाव वाचू नये, एकूण आकडा वाचावा. नाव वाचले की पुढच्या वर्षी गरजू माणूस हातच पसरत नाही.

कापणीच्या सणाला येणाऱ्या धान्याचा लिलाव त्याच दुपारी होऊन जातो. सोयाबीन आणि कापूस विकावाच. ज्वारी, गहू, तूर यांचा निम्मा भाग मात्र राखून ठेवावा. आपल्याकडे चूल थंडावते ती मिरगाच्या तोंडावर. बियाण्याला पैसे गेलेले असतात आणि निंदण सुरू व्हायला वेळ असतो. धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवावे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून झाकणाच्या ड्रममध्ये, जमिनीपासून उंच ठेवावे. तूर डाळ करूनच ठेवावी, अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो.

आता विधवांचे. यरुशलेमच्या वाटणीत भाकर होती, आज विदर्भात त्या वाटणीत कागदही आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासनाची एक लाखाची मदत असते: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते आणि ती नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा यांचे पुरावे पाहते. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात घरच्यांना यातले काही सुचत नाही. डीकनाने प्रार्थनेला जावेच, पण निघताना विचारावे: पंचनाम्याची प्रत कुठे आहे, बँकेची नोटीस कुठे आहे? मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनामूल्य होते, नंतर खर्च आणि हेलपाटे वाढतात. सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा. बाईचे नाव चढले नाही तर पुढच्या हंगामाचे पीककर्ज अडते, आणि दीर-भाऊजींच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. योजनेचा महिन्याचा पगार सुरू झाल्यावर दरवर्षीची पडताळणी चुकली की तो बंद पडतो, आणि बंद का पडला हे बाईला कोणी सांगत नाही.

ख्रिस्ती घरांत इथे एक खास अडचण येते. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिसरे. मंडळीचा दाखला घेऊन तहसीलमध्ये गेले की बाबू तो परत करतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. नावांतली ही तफावत नवरा-बायको दोघेही जिवंत असताना, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद करून मिटवावी. डीकनाने भेटीला गेल्यावर कागद बघायला मागावेत. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटते.

प्रभुभोजनाची तयारी हे डीकनाचे जुने काम. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की डीकन भाकर आणि प्याला हजर असलेल्यांना देत आणि गैरहजर असलेल्यांना घरी नेऊन पोचवत. यातला दुसरा अर्धा भाग आपण विसरलो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी असल्याने, आणि इतरत्रही बहुतेक मंडळ्या वाइन वापरत नसल्याने, मनुकांचा रस करतात. साठ माणसांना एक लिटर पुरतो: पाव किलो काळ्या मनुका धुऊन रात्रभर सव्वा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून, सुती कापडातून गाळायच्या. शनिवारी दुपारीच करून ठेवला तर एप्रिल-मेमध्ये रविवारी तो आंबलेला निघतो. गुड फ्रायडेला हा घोटाळा हमखास होतो.

दफनाचेही डीकनाकडेच येते. काळ्या कापसाच्या जमिनीत पावसाळ्यात खड्ड्याच्या भिंती खचतात, म्हणून साडेसहा बाय अडीच फुटांचे माप वर एक-दीड फुटाने रुंद धरून उतरत्या बाजूंनी खणावे आणि माती काठापासून तीन फूट लांब टाकावी. लोक काठावर गर्दी करतात तेव्हाच कड तुटते. दोन दोर, दोन फळ्या आणि पाणी उपसायला बादली चर्चमध्ये कायम असावी.

बायांच्या घरी चौकशीला जाणे, आजारी बाईला अंघोळ घालणे, बाळंतिणीकडे थांबणे ही कामे पुरुष डीकन करत नाहीत, करूही शकत नाहीत. ती कामे आज महिला संघ करतो, विनापद. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया गावच्या फिबी या बाईला प्रेषित पौलाने हाच दियाकोनोस शब्द लावला आहे. ज्या मंडळ्यांच्या घटनेत डीकनासाठी ‘पुरुष सभासद’ लिहिले आहे त्यांनी या वार्षिक सभेत दुरुस्तीचा ठराव आणावा.

निवडीनंतरचा शेवटचा मुद्दा हस्तांतराचा. डीकन हे ट्रस्टचे विश्वस्तही असतील तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, दाखल करावा. तो राहिला की पुढच्या भांडणात दोन्ही गट आपणच खरे म्हणतात आणि बँक खाते गोठते. आणि जुन्या डीकनाने नव्याला नुसत्या किल्ल्या देऊन मोकळे होऊ नये. यादीतल्या प्रत्येक घरी त्याला एकदा सोबत घेऊन जावे, आणि कोणाचे कागद कुठे अडले आहेत ते त्या घरात बसूनच सांगावे.

आपले,
डीकनांच्या प्रशिक्षणात काम करणारे दोघे,
ता. दर्यापूर, जि. अमरावती