हाड भरणारी हायड्रोजेल आली तरी सळई लागणारच

मा. संपादक, स.न.वि.वि.

हाडातली पोकळी भरणाऱ्या हायड्रोजेलवरचा आपला लेख वाचला. माझे यजमान यंत्रमागावर कामाला. अक्कलकोट रोडवरच्या अपघातात त्यांच्या नडगीच्या हाडाचा तुकडाच गेला. कमरेचं हाड काढून तिथे बसवलं. पाय सावरला, पण कमरेची कळ त्याहून जास्त टिकली. त्यामुळे अशी जेल आम्हाला हवीच आहे.

मात्र मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या धातूच्या सळई-प्लेटबद्दल लेखात आलेलं ‘आता सळई-प्लेटची गरज नाही’ हे वाक्य खटकलं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाळं, ते मऊच. हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश खनिज असतं, म्हणून जेलमध्ये हायड्रॉक्सिॲपटाइटसारखे कॅल्शियम फॉस्फेटचे कण मिसळतात. त्यावर पेशी चिकटतात, नवं हाड धरतं, भरण हळूहळू विरघळतं. तोवर शरीराचा भार सळईनेच पेलायचा. शिवाय विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, त्याला जेल काय करणार? (आमच्या घरात हे सांगून उपयोग नाही, ते वेगळं.)

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असं भरण बसतं का आणि बाहेर खर्च किती येतो, हे आपल्या वार्ताहराने जरूर लिहावं.

– एक वाचक, सोलापूर